दस्तीखालचं सहस्रकुंड

काल अहमदपूरहून परत येताना रस्त्याच्या कडेला भाजलेल्या कणसांचा वास आला आणि मी गाडी थांबवायला सांगितली. मी बाहेरचं काही खात नाही, हे तुम्हा दोघांना चांगलं ठाऊक आहे. तरी काल घेतलं. लिंबू आणि तिखटमीठ चोळलेलं कणीस काचा खाली करून गाडीतच खाल्लं, आणि बोटं पदरालाच पुसली. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघाभर उभं होतं. आता त्याला फुलं आली असतील. ती पानांच्या आड असतात, फिकी जांभळी, मुगाच्या दाण्याहून जरा मोठी. खाली वाकून हाताने पान उचललं नाही, तर सगळं शेत नुसतंच हिरवं दिसतं.

श्रावण निम्मा सरला. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत तुम्ही आई-बाबांसह इथे होता.

तुमची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमचा ऐन पावसाळा. सगळे मला म्हणाले होते, मुलं कॅनडाहून येणार आणि चिखलात जंगल काय दाखवणार, डिसेंबरात बोलवा. पण शाळेची सुट्टी काही आपल्या पंचांगाने चालत नाही. वीर तेव्हा बारा वर्षांचा होता, गळ्यात दुर्बीण अडकवूनच विमानातून उतरला आणि त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "आज्जी, इथे वाघ किती वाजता दिसतो?" गौरी आठची. ती काही विचारत नव्हती, ती सांगत होती. शाळेतली मैत्रीण, शेजारचा कुत्रा, विमानात मिळालेला गोड पाव, खिडकीतून दिसलेले ढग, अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी, न थांबता.

मी बेत आखला. लातूरहून नांदेड, तिथून भोकर, हिमायतनगर, इस्लापूरजवळचा सहस्रकुंडचा धबधबा, मुक्कामाला किनवट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जंगल. कोरड्या कपड्यांची पिशवी वेगळी, ओल्यांची वेगळी, औषधांची वेगळी, आणि प्रत्येकीवर तुम्हाला वाचता येईल अशी चिठ्ठी. तुमचे अज्जा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मास्तरीणबाई, मोंढ्यातली पोतीसुद्धा इतकी सरळ लागलेली नसायची." ते जरा मोठ्यानेच म्हणाले. त्यांचं सगळंच बोलणं आता मोठ्याने असतं.

अज्जांचं ऐकणं एका दिवसात गेलं नाही. दिव्याची वात कुणीतरी रोज थोडी थोडी उतरवत जावं, तसं ते गेलं. आधी फोन गेला, मग देवळातली घंटा, मग दारावरची थाप. अहमदपूरच्या मोंढ्यात त्यांनी जन्मभर आडत चालवली, शंभर माणसांच्या कलकलाटात तुरीचे सौदे केले. त्यांच्यासाठी तुमच्या बाबाने तिकडून कानाचं यंत्र आणलं होतं. अज्जांनी ते दोन दिवस घातलं आणि बटणांच्या डब्यात नेऊन ठेवलं. "यात भांडीच तेवढी ऐकू येतात," म्हणाले, "माणसं न्हाई येत." तेव्हापासून घरात त्यांचे कान म्हणजे मी. कुणी काही विचारलं की ते माझ्याकडे बघायचे, मी तोंड नीट हलवून सावकाश सांगायचे, आणि त्यांचं उत्तर परत विचारणाऱ्याला पोचवायचे.

गौरीच्या बोलण्याचा वेग मला पेलला नाही. ती अज्जांच्या खुर्चीसमोर मांडी घालून गोष्ट सांगायची आणि ते हसून मान डोलवायचे, नेमकी नको तिथे. कुत्रा हरवला म्हणाली की हे म्हणायचे, "वा, वा." तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आज्जी, अज्जाला मी आवडत नाही का?"

"असं कसं होईल? त्यांना ऐकू येत नाही गं राणी."

"मग ते हो का म्हणतात?"

त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही जंगल बघाल की नाही, पाऊस आडवा येईल का, वाघ दिसेल का, याची मला फारशी फिकीर नव्हती. माझी काळजी एवढीच होती की तुम्ही विमानात बसाल तेव्हा अज्जा तुमच्यासाठी खुर्चीत बसून हसणारा एक गप्प म्हातारा होऊन राहतील, आणि पुढच्या वेळी तुम्ही याल तेव्हा कदाचित खुर्चीच असेल.

त्याच आठवड्यातली एक गंमत सांगते. वीर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आज्जी, अज्जा रोज सकाळी अंधारात बसून इतका वेळ फोनवर काय बघतात?" मी चकित. अज्जांना फोन उचलता येत नाही, ते बघणार काय? मग उलगडा झाला. पहाटे अंघोळ करून ते गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, मान खाली घालतात आणि त्याच्याकडे एकटक बघत बसतात. आपल्याकडे पूजा अशीच असते, देवळात जावं लागत नाही, देव हातावर येतो. मी वीरला ते समजावलं. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे फोनपेक्षा लहान." मग जरा थांबून, "आणि चार्ज करायला नको." अज्जांना मी हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले.

लतीफभाईंची गाडी घेतली होती. ते अहमदपूरचे, अज्जांना मोंढ्यापासून ओळखणारे. त्यांची समजूत अशी की बहिऱ्या माणसाशी ओरडून बोललं की सगळं ठीक होतं. "मालक, सीट पीछे करूं क्या?" असं ते इतक्या जोरात विचारायचे की रस्त्यावरची माणसं वळून बघायची, आणि अज्जा शांतपणे खिडकीबाहेर.

नांदेडला गोदावरी ओलांडली तेव्हा ती दोन्ही काठ भरून, मातकट, घाई नसल्यासारखी चालली होती. भोकर मागे पडलं आणि जमीन वर-खाली व्हायला लागली. तुम्ही तोवर आमचा सपाट मुलूख पाहिला होता, काळी माती, सोयाबीन, तूर, मध्येच एखादं लिंबाचं झाड. आता टेकड्या आल्या आणि टेकड्यांवर साग. श्रावणात साग फुलतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण जन्म हैदराबाद-लातूरकडे गेलेल्या बाईला ते दिसणार कुठे? प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर सायीच्या रंगाच्या फुलांचा फेस उतू आलेला, आणि डोंगरामागून डोंगर तसेच. ढग इतके खाली आले होते की फुलं कुठे संपतात आणि ढग कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. गौरीसुद्धा गप्प झाली. मी शिक्षिका आहे, शांतता झाली की माझी मान आपोआप वळते. मागे बघितलं तर तिने काचेला नाक लावलं होतं, आणि तिच्या शेजारी अज्जांनीही.

सहस्रकुंड आधी ऐकू येतं, मग दिसतं. गाडीतून उतरलो तर झाडांमागून एक सलग घरघर येत होती, एखादी मोठी गिरणी चालू असावी तशी. कणसं विकणारी एक बाई शेगडीला वारा घालत म्हणाली, "लई पानी हाय औंदा. पोरीचा हात सोडू नका, मावशी." मी तुम्हा दोघांचे हात धरले. अज्जा आमच्या मागे, खांद्यावर दस्ती टाकून. पावसात डोकं पुसायला, उन्हात तोंड पुसायला, बसताना खाली अंथरायला त्यांची ती पांढरी दस्ती कायम खांद्यावर असते.

आणि मग पैनगंगा दिसली.

तुम्हाला ती आठवते ना? काळ्या खडकाचं एक मोठंच्या मोठं पठार, आणि नदी त्यावर पसरून येते, एकाच जागी पडायचं हे जणू तिला माहीतच नाही. जिथे फट सापडेल तिथून ती खाली झेपावते. इथून एक धार, तिथून दुसरी, मधल्या खडकाला वळसा घालून तिसरी, आणि त्या दिवशी तर धारा मोजायची सोय नव्हती, सगळ्या मिळून एक पांढरी भिंत कोसळत होती. खाली पाणी दिसतच नव्हतं, नुसती वाफ. ती वाफ वर येऊन आमच्या तोंडावर बसत होती. पलीकडचा काठ विदर्भाचा, तिथेही माणसं उभी होती, मुंगीएवढी, आणि आपल्यासारखीच थबकलेली. पाकोळ्या त्या कोसळत्या पाण्याच्या अगदी अंगावर जात होत्या, आता चिरडल्या असं वाटेपर्यंत, आणि पुन्हा बाहेर येत होत्या, कोरड्या. लोखंडी कठड्याला मी हात लावला तर तो थरथरत होता.

इंग्रजीत या भावनेसाठी एक चिमुकला शब्द आहे, 'ऑ'. कॉलेजात मी तो कितीतरी वर्षं शिकवला, फळ्यावर त्याचा अर्थ 'भययुक्त आदर' असा लिहिला, मुलांनी वहीत उतरवला. त्या कठड्याशी उभी असताना लक्षात आलं की त्यात आणखी काहीतरी असतं, जे फळ्यावर मावत नाही. आपण फार लहान आहोत हे कळतं आणि त्याचं वाईट वाटत नाही. उलट हलकं वाटतं. माझ्या सगळ्या पिशव्या, चिठ्ठ्या, वेळापत्रक त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं.

मी वीरला म्हणाले, "कठड्याच्या पुढे जायचं नाही." त्याने कानाला हात लावला. मी पुन्हा म्हणाले, ओरडून म्हणाले. माझा आवाज मलाच आला नाही. तुमचा बाबा काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ हलत होते. तुमची आई हसली, त्याला कळलं नाही ती का हसली. लतीफभाई मागून आले, त्यांनी त्यांचा तो प्रसिद्ध आवाज लावला आणि तोही पाण्यात बुडाला. आम्ही सगळे एकमेकांकडे मासे बघतात तसं तोंड उघडून बघत होतो. कुणीतरी काहीतरी म्हणायचं, दुसरा हसून मान डोलवायचा, नेमकी नको तिथे.

एकटे अज्जा मजेत होते. त्यांना या गोष्टीची सवय होती.

त्यांनी एकदा आमच्या सगळ्यांकडे नजर फिरवली. मग हाताने खुणा केल्या, नीट, सावकाश, बाजारात करायचे तशा. वीरला: तू इथे, या खांबाशी. तुमच्या बाबाला: तिची छत्री धर. मला: बस आता, पाय दुखतील. आणि सगळ्यांनी निमूट ऐकलं. मला आठवत नाही, किती वर्षांनी त्यांनी माझ्यामार्फत न येता कुणाला काही सांगितलं होतं.

गौरी त्यांची बाही ओढत होती. पाकोळ्यांकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती, तोंड भराभर चालू. अज्जा कठड्यालगतच्या कट्ट्यावर बसले, तिला शेजारी बसवलं, तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि खांद्यावरची दस्ती काढून दोघांच्या हातांवर टाकली.

इथे थोडं थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आता फारशी कुठे दिसत नाही. अज्जांच्या तरुणपणी जनावरांच्या बाजारात, हाळी-हंडरगुळीला, बैलाचा सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि विकणारा हात मिळवायचे, त्यावर दस्ती पडायची, आणि आत बोटं बोलायची. एक बोट दाबलं तर एक अर्थ, दोन दाबली तर दुसरा, मूठ म्हणजे आणखी काही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. आत रागाने बोट पिळत असले तरी चेहरे दोघांचे देवळातल्यासारखे. मोंढ्यातही जुन्या आडत्यांचे काही सौदे असेच व्हायचे. लग्न करून मी हैदराबादहून नवी आले, तेव्हा सासऱ्यांना आणि यांना असं बसलेलं बघून मला वाटलं होतं, हे हात धरून बसलेत तरी कशाला? या माणसाचा देव तळहातावर आणि धंदा बोटांत, हे कळायला मला काही वर्षं लागली.

त्या दस्तीखाली काय झालं ते मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की गौरीचं तोंड बंद झालं आणि डोळे मोठे झाले. मग ती हसली. मग तिने स्वतःहून काहीतरी केलं असावं, कारण अज्जांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी मान डोलवली. या वेळी अगदी बरोबर जागी. नंतर त्यांनी दस्तीसकट तिचा हात उचलून खाली खडकावर टेकवला आणि आपला पंजा त्यावर ठेवला. दोघं तसेच बसून राहिले. पाणी कोसळत होतं. थोडा वेळ ऊन आलं आणि वाफेत इंद्रधनुष्य उभं राहिलं, एक टोक मराठवाड्यात आणि एक विदर्भात. वीर ते दुर्बिणीतून बघायचा प्रयत्न करत होता. हे दोघं तिकडे बघतही नव्हते.

गाडीपाशी परत आल्यावर, जिथे आवाज जरा कमी होतो तिथे, गौरीने मला पहिलं वाक्य सांगितलं, "आज्जी, दगडाला ताप आलाय. थरथरतो." आणि लतीफभाई पंच्याने डोकं पुसत म्हणाले, "अम्मा, आज मालक का दिन था. हम सबच बहिरे, और वो अकेले सयाने." मी ते अज्जांना ओठ हलवून सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सांग, तू आज पहिल्यांदा कमी ओरडलास."

किनवटला संध्याकाळी जेवताना बोटांचा शब्दकोश तयार झाला. बैलांचे आकडे जंगलाला लावले. एक बोट दाबलं म्हणजे पाखरू, दोन म्हणजे जनावर, मूठ म्हणजे थांब, आणि अंगठा हळूच दाबला म्हणजे, बघ, बघ. वीरलाही घेतलं, पण त्याने आधी वाघासाठी वेगळं बोट मागितलं. अज्जांनी त्याला करंगळी दिली. "राखून ठेव," म्हणाले, "लागंल कवा तरी."

सकाळी वनरक्षकाने आम्हाला एका पायवाटेने नेलं. त्याने एकच अट घातली, बोलायचं नाही. आदल्या दिवशी पाण्याने आम्हाला मुकं केलं होतं, आज झाडांनी केलं. सागाच्या रुंद पानांवरून थेंब गळत होते, गळणाऱ्या प्रत्येक थेंबाचा वेगळा आवाज. खाली फुलांचा सडा. एका फांदीवरून दुसरीवर कोळ्याने जाळं ताणलं होतं, हातभर रुंद, आणि उजेड पडला की त्याचे धागे सोन्यासारखे पिवळे दिसायचे. मध्ये तो स्वतः, माझ्या तळहाताएवढा. एरवी मी झाडू शोधला असता. तिथे मी पदर सावरून वाकून त्याच्या घराखालून गेले.

पुढे अज्जा आणि गौरी चालत होते, हात दस्तीत गुंडाळलेले. मी मागून बघत होते. एकदम गौरी थांबली. म्हणजे आत मूठ झाली होती. आम्ही सगळे थांबलो. मला काहीच दिसेना. ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याची नजर किती दूरवर जात असते हे त्या दिवशी उमगलं. गवतापलीकडे धुक्यात एक काळसर खडक होता, आणि त्या खडकाने कान हलवला.

तो रोही होता, म्हणजे नीलगाय. मोठा नर, पावसाने भिजून निळाकाळा झालेला, गळ्याखाली पांढरा पट्टा, अंगातून वाफ निघत होती. त्याच्यामागे एक एक करत माद्या दिसू लागल्या, भुऱ्या, जणू धुक्यातूनच घडत होत्या. त्याने आमच्याकडे बघितलं. पळाला नाही.

तुम्हाला तेव्हा कदाचित कळलं नसेल, पण अज्जांचं आणि रोह्यांचं जुनं वैर आहे. आपल्या शेतात हरभरा वर आला की हे कळपाने येतात आणि सकाळपर्यंत रान साफ करतात. अज्जांनी जन्मभर त्यांना फटाके लावून, डबे वाजवून हाकललं आहे, नको नको ते बोलले आहेत. तो माणूस आता धुक्यात उभा होता आणि त्याने मोकळा हात छातीशी नेला होता, गळ्यातल्या लिंगावर. रोही त्याच्या घरी होता, आणि आम्ही पाहुणे. बऱ्याच वेळाने त्या नराने मान वळवली आणि सगळा कळप सागात विरून गेला. एक पान हललं नाही.

परत फिरताना अज्जा कुजबुजले, निदान त्यांना वाटलं की ते कुजबुजताहेत, "हा इथं असा दिसतो व्हय." सगळ्या जंगलाने ऐकलं. वनरक्षकही हसला. वीरने मला हळूच सांगितलं की वाघ नाही दिसला तरी चालेल. करंगळी त्याने राखून ठेवली आहे.

हैदराबादच्या विमानतळावर तुम्हाला सोडायला आलो तेव्हा मी डोळ्यांतलं पाणी नेहमीप्रमाणे वेळेत आवरलं. सामान मोजून झालं, पाया पडून झालं. मग गौरी अज्जांसमोर गेली आणि नुसता हात पुढे केला. अज्जांनी खांद्यावरची दस्ती काढली. इतक्या माणसांच्या गर्दीत, ढकलगाड्या जात-येत असताना, दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, चेहरे अगदी देवळातल्यासारखे, आणि दस्ती जराशी हलत राहिली. बराच वेळ. मग तिने हात काढून घेतला आणि ती मागे न बघता आत गेली.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काय म्हणाली?" त्यांनी माझे ओठ वाचले, हे मला दिसलं. "दस्तीखालचं तिसऱ्याला सांगत नसतात," म्हणाले. "बाजाराचा नेम हाय." इतकी वर्षं त्यांच्यापर्यंत जाणारं आणि त्यांच्याकडून येणारं प्रत्येक वाक्य माझ्या हातून गेलं होतं. हे पहिलं, जे गेलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मला सागाच्या फुलांखालून चालल्यासारखं वाटलं.

आता दर रविवारी तुमचा फोन येतो. मी आणि तुमचा बाबा बोलतो, तब्येत, पाऊस, भाव. वीर तिकडचे पक्षी दाखवतो. मग गौरी येते, बोलत नाही, पडद्यासमोर आपला हात धरते आणि त्यावर रुमाल टाकते. इकडे अज्जा आपल्या हातावर दस्ती टाकतात. दोन्हीकडे कापड हलतं. मधे सगळे समुद्र आहेत, कुणाचं बोट कुणाला लागत नाही, तरी तिकडे ती खुदकन हसते आणि इकडे हे मान डोलवतात, नेमकी हवी तिथे.

काल कणीस खाऊन घरी आले आणि मी त्यांच्यासमोर बसले. हात पुढे केला. म्हटलं, "मलाही शिकवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दस्ती झटकली आणि परत खांद्यावर टाकली. म्हणाले, "तुला कशाला? तुला ऐकू येतंय की."